ग्रब हरवलं, मिंट दिसेना: 'बूट-रिपेअर' तीनदा वापरल्यावर

बूट-रिपेअर म्हणजे मशीन सुरू होताना हरवलेलं लिनक्स परत मिळवून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर. त्याला आधी तारे देऊन टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. पाचपैकी साडेतीन. एक तारा 'रेकमेंडेड रिपेअर' या भल्यामोठ्या बटणापायी कापला आणि अर्धा त्या बटणाने माझ्या यादीत जो केर करून ठेवला त्यापायी. फुकटच्या सॉफ्टवेअरला नावं ठेवतेय हे मला कळतं. पण ज्या दिवशी हे लागतं त्या दिवशी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहिते. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज ठेवलीय. बाकी सगळं काम लिनक्स मिंटवर, म्हणजे त्याच लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला टाकलेल्या दुसऱ्या सिस्टिमवर. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे माल विकणाऱ्यांनी चढवलेल्या बिलांची यादी, तयार होतं. ते आणि पार्टीचं खरेदी रजिस्टर ताडून बघायला मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवलीय. सूतवाल्याने बिल चढवलं की नाही, जीएसटी नंबरात कुणी एक आकडा खाल्ला, सगळं दोन मिनिटांत कळतं. ती स्क्रिप्ट मिंटमध्ये आणि तिने काढलेल्या याद्याही मिंटमध्येच. ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी विवरण, भरायची शेवटची तारीख २०. हे एवढ्यासाठी सांगतेय की माझ्या लॅपटॉपमधून मिंट गायब झालं ती तारीख १८ होती.

लॅपटॉप २०१८चा. बिजागरी ढिली झाली म्हणून एका दुकानात टाकला होता. परत देताना पोरगा म्हणाला, "मॅडम, बायोसपण अपडेट करून टाकलाय, त्याचे पैसे नाही लावले." बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यांत आधी चालणारा, मदरबोर्डमध्येच बसवलेला कार्यक्रम. मी थँक्यू म्हणून आले. घरी बटण दाबलं. एरवी काळ्या पडद्यावर दहा सेकंद यादी दिसते, वर मिंट, खाली विंडोज. ती यादी आलीच नाही. थेट विंडोज सुरू. तीनदा बंद-चालू केलं, तेच. दुकानात फोन लावला तर उत्तर मिळालं, "एका लॅपटॉपमध्ये दोन-दोन कशाला ठेवलंय मॅडम? आणून द्या, फॉरमॅट मारून क्लीन करून देतो. पाचशे रुपये."

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन बघितलं तर १२० जीबीचा एक तुकडा दिसतो, त्याला ना नाव ना अक्षर. विंडोजला लिनक्सची फायली ठेवायची पद्धत, ईएक्सटी४, वाचता येत नाही, त्यामुळे तिच्या लेखी ती जागा जवळजवळ रिकामीच. चुकून त्याला अक्षर देऊन उघडायला गेलात तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी येते. तिथे 'हो' म्हणणारी माणसं मी बघितली आहेत. तुम्ही म्हणू नका.

पुण्याला भाचा असतो, सर्व्हरचं काम करतो. त्याला फोन केला. "मावशी, तू आधी लॅपटॉपला हात लावायचा थांब," तो म्हणाला. "काही पुसलं गेलेलं नाही. ग्रब दिसत नाहीये, बस. पेनड्राइव्हवर मिंट आहे ना? त्यात बूट-रिपेअर असतं, ते चालव."

ग्रब म्हणजे मशीन सुरू झाल्यावर 'मिंट की विंडोज' असं विचारणारा तो कार्यक्रम. लॅपटॉपच्या डिस्कवर एक छोटा भाग फक्त यासाठी राखून ठेवलेला असतो. साधारण १०० एमबीचा, फॅट३२ पद्धतीचा. त्याला ईएफआय पार्टिशन म्हणतात. त्यात प्रत्येक सिस्टिमचं एक फोल्डर असतं. विंडोजचं मायक्रोसॉफ्ट नावाने असतं आणि मिंटचं, गंमत म्हणजे, उबंटू नावाने, कारण मिंट उबंटूवरच बेतलेलं आहे. या फोल्डरांत सुरुवात करून देणाऱ्या फायली असतात. पण कुठली फाइल कुठे आहे आणि आधी कुणाला उठवायचं, ही नोंद डिस्कवर नसतेच. ती मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असते. बायोस अपडेट करताना ती नोंद पुसली जाऊ शकते. माझ्या धंद्यातलं सांगायचं तर खातेवही शाबूत होती, फक्त पुढची अनुक्रमणिका फाटली होती. विंडोजची फाइल कुठे असते हे बहुतेक बायोस आपलं आपण शोधतात, त्यामुळे ती चालू झाली. मिंटला कुणी विचारलंच नाही. अर्थात हे सगळं मला नंतर समजलं. त्या रात्री मला फक्त २० तारीख दिसत होती.

बूट-रिपेअर मिळवायला वेगळं काही करावं लागलं नाही. मिंट २१.३ची सुमारे तीन जीबीची फाइल पेनड्राइव्हवर चढवलेली होती. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करायचं, 'इन्स्टॉल' ला हात लावायचा नाही, मेन्यूत 'ॲडमिनिस्ट्रेशन' खाली बूट-रिपेअर हजर. उबंटूवाल्यांना ते पीपीए (सॉफ्टवेअरचं बाहेरचं भांडार) जोडून घ्यावं लागतं, म्हणजे दोन-तीन ओळी टर्मिनलमध्ये. या बाबतीत मिंटवाले सुखी.

आता एक गोष्ट, जी मला फार आवडली. एफ १२ दाबल्यावर जी यादी येते त्यात माझा एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसत होता. एका ओळीच्या आधी 'यूईएफआय' (मशीन सुरू व्हायची नवी पद्धत) लिहिलेलं, दुसरी नुसती. मी नुसती निवडली. मिंट सुरू झालं, सगळं नेहमीसारखं दिसलं. बूट-रिपेअर उघडलं तर त्याने दुरुस्ती करायच्या आधीच अडवलं: तुमचं हे सत्र लेगसी, म्हणजे जुन्या, पद्धतीत चालू आहे, मशीन पुन्हा सुरू करा आणि मला ईएफआय सत्रात चालवा. हे जर त्याने सांगितलं नसतं तर मी जुन्या पद्धतीचं ग्रब नव्या पद्धतीच्या मशीनवर बसवायला निघाले असते. अर्धी रात्र त्यात गेली असती. एका ताऱ्याचे पैसे त्या एका खिडकीने वसूल केले.

दुसऱ्या वेळी बरोबर ओळ निवडली. 'स्कॅनिंग सिस्टिम्स' म्हणून ते बराच वेळ गोल फिरत बसलं, मग पुढे आली ती खिडकी. वर प्रचंड मोठं बटण, 'रेकमेंडेड रिपेअर', खाली लिहिलेलं की बऱ्याचशा अडचणी यानेच सुटतात. त्याच्या खाली दुसरं बटण, 'क्रिएट अ बूट-इन्फो समरी'. आणि अगदी खाली बारीक 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. डोकं तापलेल्या माणसाचं बोट कुठे जाणार? वरच्या बटणावर. मीही तेच केलं.

त्याला इंटरनेट हवं होतं. वायफाय पकडेना, म्हणून फोन केबलने जोडून त्याचं नेट दिलं. मग ते आपलं आपण कामाला लागलं. खिडकीत ओळी पळत होत्या, मधे एकदा अहवाल इंटरनेटवर टाकू का असं विचारलं. मी नको म्हटलं. त्यात पार्टीच्या फायली नसतात, डिस्कची रचना आणि सेटिंग असतात, हे आता माहीत आहे. तरी पार्टीचे हिशेब ज्या मशीनवर आहेत त्याचं काहीही बाहेर टाकायला माझा हात होत नाही. मदत मागायची असेल तर मात्र तोच अहवाल दाखवावा लागतो, हेही खरं.

चहा करून आले तोवर शेवटचा निरोप तयार होता: काम झालं, आता तुमच्या बायोसला शिमएक्स६४ नावाच्या फाइलवरून सुरू व्हायला सांगायला विसरू नका. या वाक्याला नवखा माणूस हमखास अडखळेल. कुठली फाइल, कुणाला सांगायचं, कसं सांगायचं? माझ्या नशिबाने काही सांगावं लागलं नाही. पुन्हा सुरू केलं आणि काळी यादी आली. मी एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

मग यादी नीट बघितली. आधी चार ओळी असायच्या, आता कितीतरी जास्त. विंडोज दोन-तीन नावांनी, त्यातल्या एकात फाइलचं अख्खं नाव छापलेलं. कुठल्या विंडोजवर जायचं? पहिली चालली, दुसरीही चालली, एक चाललीच नाही. भाच्याने शोधून सांगितलं की बूट-रिपेअर ईटीसीमधल्या ग्रब.डी फोल्डरात २५_कस्टम नावाची फाइल स्वतः तयार करून ठेवतं, त्या या जादा ओळी. ती फाइल काढून 'अपडेट-ग्रब' चालवलं की यादी पूर्वीसारखी. दोन मिनिटांचं काम, पण हे खिडकीत कुठे ठळक लिहिलेलं मला दिसलं नाही. अर्धा तारा तो.

आणि एक माझ्याच मूर्खपणाची गोष्ट. दुरुस्ती झाल्यावर, रात्री साडेअकराला, लक्षात आलं की पेनड्राइव्हवरच्या मिंटमधून माझी १२० जीबीची डिस्क सरळ उघडत होती. फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला ती पहिल्यापासून दिसत होती. याद्या तिथूनच दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन मी ३बी भरून मोकळी झाले असते आणि ग्रबचं २१ तारखेला शांतपणे बघितलं असतं. तारीख डोक्यावर असेल तर आधी फायली काढून घ्या. ग्रबचं काम कुठे पळून जात नाही. फक्त विंडोजच्या डिस्कमधून काही घ्यायचं असेल तर विंडोजच्या 'फास्ट स्टार्टअप' सोयीमुळे ती अर्धवट झोपलेली असते, मिंट तिच्यात काही लिहू देत नाही. वाचता येतं, तेवढं पुरतं.

दुसरी वेळ जानेवारीत आली. चार्जिंग बंद पडलं आणि मदरबोर्डच बदलावा लागला. आकडा सांगत नाही, अजून दुखतं. नवा बोर्ड म्हणजे नवी चिप, आणि नव्या चिपला मिंटचं नावही ठाऊक नाही. पुन्हा थेट विंडोज. इथे एक सावधगिरी सांगते. माझ्याकडे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, बंद होतं. माझ्या एका सीए मैत्रिणीकडे ते चालू होतं, आणि बोर्ड बदलल्यावर तिच्या लॅपटॉपने निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली. ती तिच्या कुठल्या ईमेलच्या खात्यात आहे हे शोधण्यात दिवस गेला. बायोस अपडेट असो, सिक्युअर बूट (ओळख न पटलेला कार्यक्रम सुरू होऊ न देणारी बायोसमधली सोय) बंद करणं असो की बोर्ड बदलणं, आधी ती किल्ली कागदावर लिहून घ्या. तिजोरीची किल्ली घरात विसरून कुलूपवाल्याला बोलावतो का आपण?

तर यावेळी मी वरचं मोठं बटण दाबलंच नाही. दुसरं दाबलं, बूट-इन्फोचं. ते डिस्कवर काहीही बदलत नाही, फक्त बघतं आणि एक लांबलचक मजकुराची फाइल काढून देतं. पहिल्यांदा उघडली तर बँकेच्या स्टेटमेंटसारखी वाटते, पण वाचायच्या दोनच जागा आहेत. एक, जिथे प्रत्येक पार्टिशनमध्ये काय सापडलं ते लिहिलंय. माझ्या ईएफआय पार्टिशनपुढे उबंटू फोल्डर, त्यात शिम, ग्रब आणि छोटी ग्रब.सीएफजी, सगळं जागच्या जागी. दोन, जिथे चिपमधल्या नोंदी छापलेल्या असतात. तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' आणि माझा पेनड्राइव्ह, एवढंच. म्हणजे माल गोदामात आहे, रजिस्टरला नोंद नाही. मग माल परत मागवायचा कशाला? नोंद करायची.

नोंद करायला 'ईएफआय-बूट-एमजीआर' नावाची आज्ञा पेनड्राइव्हवरच्या मिंटमध्येच असते. तिला चार गोष्टी सांगायच्या: डिस्क कुठली, पार्टिशन कितवं, यादीत नाव काय द्यायचं आणि फाइलचा पत्ता. पार्टिशनचा आकडा भाच्याने फोनवर "एक" सांगितला होता. मी अहवालात बघितलं तर माझ्याकडे पहिल्या नंबरला विंडोजचं रिकव्हरी आणि ईएफआय दुसऱ्याला. जुन्या विंडोज १०च्या डिस्कवरून नव्याने टाकलेल्या मशीनवर तसं असतं. एक घातला असता तर नोंद झाली असती पण चालली नसती. फाइलचा पत्ता लिहिताना रेघा उलट्या तिरक्या लागतात आणि अख्खा पत्ता अवतरणात ठेवावा लागतो, नाहीतर टर्मिनल त्या रेघा गिळून टाकतं. आणि फाइल ग्रबची द्यायची नाही, शिमची द्यायची. सिक्युअर बूट चालू असेल तर बायोस शिमलाच ओळखतो, पुढे शिम ग्रबला आत घेतो.

एंटर दाबलं. खाली नवीन यादी छापली गेली, वर मिंट. मशीन बंद-चालू केलं, काळा पडदा, चार ओळी, संपलं. टायपिंग धरून पाच मिनिटं. इंटरनेट लागलं नाही, जादा ओळी आल्या नाहीत, काही पुन्हा बसवलं गेलं नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच 'नवीन बूट नोंद जोडा' अशी सोय असते, तिथून तीच फाइल दाखवली तर पेनड्राइव्हचीही गरज नाही. माझ्या लॅपटॉपमध्ये नाही.

माझी मुख्य तक्रार आता कळली असेल. बूट-रिपेअरला सगळं दिसतं. फायली आहेत आणि नोंद नाही, हे त्याच्या स्वतःच्या अहवालात छापलेलं आहे. तरी खिडकी तुम्हाला ढकलते ती सगळं पुन्हा बसवण्याकडे. बटणांची जागा फक्त अदलाबदल केली असती, अहवालाचं वर आणि दुरुस्तीचं खाली, तर मी पाच तारे दिले असते.

मोठं बटण वाईट आहे असं मात्र नाही, हे मला तिसऱ्या वेळी पटलं. एका कारखानदाराच्या ऑफिसात जुना डेस्कटॉप आहे, यूईएफआयच्या आधीच्या काळातला. त्यावर मीच मिंट टाकून दिलं होतं. कुणीतरी व्हायरस आला म्हणून विंडोज नव्याने टाकली आणि मिंट गेलं. जुन्या मशीनमध्ये चिपमध्ये नोंद वगैरे भानगड नसते. डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटचा तुकडा, त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे सुरुवात करणारा कोड. विंडोज बसताना तिथे स्वतःचा कोड लिहिते, आधी कुणाचा होता ते विचारत नाही. इथे माल खरोखरच गेलेला असतो, नोंद करून भागत नाही, ग्रब पुन्हा बसवावंच लागतं. तो पेनड्राइव्ह लावला, मोठं बटण दाबलं, दिवाणजींनी मागवलेला वडापाव संपायच्या आत काम झालं. हेच हाताने करायचं तर डिस्क जोडा, चार फोल्डर बांधा, चरूट करून आत शिरा, मग ग्रब-इन्स्टॉल. मला येतं, पण समोर चार माणसं उभी असताना नको.

याच कामासाठी सुपर ग्रब२ डिस्क नावाचं आणखी एक फुकट साधन आहे, तेही पेनड्राइव्हवर ठेवलंय. ते दुरुस्ती करत नाही. डिस्कवर काय काय आहे ते शोधून तुमच्या मिंटमध्ये नुसतं नेऊन सोडतं, मग आतून ग्रब बसवणं तुमच्याकडे. आतून बसवणं बाहेरून बसवण्यापेक्षा कितीतरी सोपं. एकदा गंमत म्हणून चालवून बघितलं, पहिल्या झटक्यात मिंट सुरू झालं. ज्यांना बटणांपेक्षा टर्मिनल बरं वाटतं त्यांनी हेच घ्यावं. माझ्यासारखीने दोन्ही ठेवावीत. पेनड्राइव्हला खर्च साडेतीनशे रुपये, पाचशेचं फॉरमॅट वाचलं.

डेस्कटॉपची यादी परत आली, पण दिवाणजी खूश नाहीत. विंडोज नव्याने टाकल्यापासून मशीन लगेच टॅलीपाशी पोचत होतं, आता पुन्हा दहा सेकंद काळा पडदा बघत बसावं लागतं म्हणतात. पुढच्या फेरीत तीन सेकंद करून देईन आणि विंडोज वर घेईन.